काचसंक्रमण, ऊष्मादृढ, तंतुप्रबलित : तीन पारिभाषिक समासांची चिकित्सा

१

पारिभाषिक संज्ञांची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरत आली आहे. संज्ञा संस्कृतातून घडवावी की इंग्रजीतून उसनी घ्यावी, हा एक. आणि घडवलेली संज्ञा उच्चारास व स्मरणास सुकर आहे की नाही, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. परंतु त्यांच्या वादात तिसरा एक प्रश्न मागे पडतो. संज्ञा वाचून वाचकाने जो अर्थ काढला तो वस्तुस्थितीशी जुळतो काय? प्रस्तुत लेखात हा तिसरा प्रश्न एका मर्यादित क्षेत्रापुरता तपासावयाचा आहे. काँक्रीटच्या जुन्या अथवा दुबळ्या बांधकामास बाहेरून तंतूंची पट्टी किंवा कापड चिकटवून बळकटी देतात. अशा बळकटीवर तापमानाचा जो परिणाम होतो तो सांगणाऱ्या मराठी संज्ञा, हे ते क्षेत्र होय. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, हे प्रथम सांगणे अवश्य आहे.

मुळशी तालुक्यातील माण हे हिंजवडीला लागून असलेले गाव. राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा याच्याच हद्दीत आला आणि भातखाचरांच्या शेजारी काँक्रीटच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. अशाच एका इमारतीत जनित्राच्या खोलीतील तुळईला कार्बन तंतूंची पट्टी चिकटवण्याचे काम चालू होते. त्या कामावरील तरुण अभियंता प्रस्तुत लेखकाच्या परिचयाचा. पुरवठादाराच्या माहितीपत्रकाचे त्याने मुकादमासाठी कोशांच्या आधारे मराठी भाषांतर केले होते. त्यात एक ओळ अशी होती : 'आसंजक : ऊष्मादृढ. काचसंक्रमण तापमान : ६५ अंश सेल्सियस.' तुळईच्या खालून दोन हातांवर जनित्राचा धूर बाहेर नेणारी नळी जात होती. तिचे उष्णतारोधक आवरण कामाच्या सोयीसाठी काढून ठेवले होते. जनित्र सुरू होण्यापूर्वी ते परत चढवा, असे अभियंत्याने सांगितले तेव्हा मुकादम म्हणाला, "साहेब, आपली पट्टी कार्बनची आहे, काचेची नाही. तो पासष्टचा नियम आपल्याला कुठं लागतो? आणि चिकटवायचं सामान तर ऊष्मादृढ लिहिलंय."

आवरण त्याच दिवशी चढवले गेले, अपघात काही झाला नाही. परंतु मुकादमाचे उत्तर अडाणीपणाचे नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याने दोन्ही समासांचा मराठी व्याकरणास धरून विग्रह केला होता. विग्रह बिनचूक होता, निष्कर्ष मात्र विपरीत होता. दोष वाचकाचा नसून संज्ञांचा असावा, असा संशय तेथे उत्पन्न झाला.

२

संज्ञांची चिकित्सा करण्यापूर्वी वस्तूचा परिचय करून घेतला पाहिजे. पोलादी पत्रे एपॉक्सी राळेने चिकटवून तुळयांना बळकटी देण्याचे प्रयोग १९६० नंतरच्या दशकात फ्रान्स व दक्षिण आफ्रिका येथे झाले. पुढे पोलादाची जागा कार्बन तंतूंच्या पट्ट्यांनी घेतली. स्वित्झर्लंडमधील ल्यूसर्नजवळच्या ईबाख पुलाची १९९१ साली झालेली दुरुस्ती हे त्याचे प्रसिद्ध आरंभीचे उदाहरण. तेथे पोलादाचे १७५ किलोग्रॅम वजनाचे पत्रे लागले असते, त्यांच्याऐवजी ६.२ किलोग्रॅम वजनाच्या कार्बन पट्ट्यांनी काम भागले. जपानमध्ये १९९५ च्या कोबे येथील भूकंपानंतर खांबांना असे कापड गुंडाळण्याच्या पद्धतीचा पुष्कळ प्रसार झाला. आपल्याकडेही पूल, कारखाने व निवासी इमारती यांच्या दुरुस्तीत ती आता सरावाची झाली असून कामावर तिला 'रॅपिंग' असे म्हणतात.

तुळईवर भार आला की तिच्या खालच्या अंगास ताण पडतो. हा ताण पट्टीने उचलावा अशी अपेक्षा असते. परंतु तो पट्टीपर्यंत पोचावा कसा? मध्ये खिळा नाही, बोल्ट नाही. आहे तो राळेचा एक-दोन मिलिमीटर जाडीचा थर. काँक्रीटपासून पट्टीकडे जाणारा सर्व भार या थरातून जातो. हा थर म्हणजे सांधा. आणि तापमानाचा प्रश्न हा मुख्यतः या सांध्याचा प्रश्न आहे.

थोडे आकडे पाहू. कार्बनचा तंतू, प्राणवायूचा संपर्क नसल्यास, एक हजार अंशांहून अधिक तापमानातही आपले बळ राखतो. काँक्रीटचे बळ सुमारे ३०० अंशांच्या पुढे लक्षणीय घटू लागते. पोलादाचे बळ ४०० अंशांनंतर उतरू लागून ५५० ते ६०० अंशांच्या दरम्यान जवळजवळ निम्म्यावर येते. राळेची गोष्ट वेगळी आहे. कामाच्या जागी, भोवतालच्या तापमानात घट्ट होणाऱ्या राळा साधारणतः ६० ते ८२ अंशांच्या दरम्यान आपला ताठपणा सोडतात, असे अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटची या विषयावरील मार्गदर्शिका सांगते. वापरातील तापमान या मर्यादेच्या १५ अंश खालीच राहावे, अशीही तिची शिफारस आहे. म्हणजे ६५ अंशांच्या राळेला ५० अंश आणि ६० अंशांच्या राळेला ४५ अंश हीच खरी वापराची सीमा. पुणे परिसरात एप्रिल-मे महिन्यांत हवेचे तापमान कधी कधी ४० अंशांच्या वर जाते, आणि थेट ऊन खाणारा काँक्रीटचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. जनित्राच्या खोलीची कथा त्याहून निराळी नाही.

सांधा निकामी होण्याचे स्वरूपही बोलके असते. सामान्य तापमानात भार हाताबाहेर गेला तर पट्टी सुटते तेव्हा तिला काँक्रीटची पातळ साल चिकटून आलेली असते. म्हणजे हरले ते काँक्रीट, राळ हरली नाही. तापमान वर सांगितलेल्या मर्यादेजवळ गेले की पट्टी जवळजवळ स्वच्छ निघते. मग काँक्रीट शाबूत, तंतू शाबूत, आणि दोहोंमधला संबंध तेवढा नाहीसा झालेला असतो.

३

आता संज्ञांकडे वळू. पहिली संज्ञा 'तंतुप्रबलित बहुवारिक'. 'तंतूंनी प्रबलित असे बहुवारिक' हा तिचा विग्रह. 'तंतुप्रबलित' हा तृतीया तत्पुरुष आणि 'बहुवारिक' हे विशेष्य. या रचनेत व्याकरणाने न्याय केला आहे. प्राधान्य बहुवारिकाला, म्हणजे राळेला मिळाले आहे. तंतू तिचे विशेषण म्हणून आले आहेत.

परंतु व्यवहारात ही संज्ञा संपूर्ण कोणी उच्चारीत नाही. 'फायबर', 'कार्बन', 'तंतूंची पट्टी' असे तिचे तुकडे चालतात, आणि प्रत्येक तुकड्यात विशेष्य गळून विशेषण तेवढे उरते. 'तांबडी गाय' म्हणावयाच्या ऐवजी 'तांबडी' म्हटल्याने सहसा बिघडत नाही, कारण गाय समोर उभी असते. येथे जे गळते ते डोळ्यांना दिसतही नाही. राळ पट्टीच्या मागे आणि गिलाव्याच्या खाली दडलेली असते. उष्णतेचा घाव जिच्यावर पडावयाचा तिचेच नाव उच्चारातून जाते आणि उष्णतेला दाद न देणाऱ्या तंतूचे नाव राहते.

दुसरा घोटाळा सादृश्याचा आहे. 'तंतुप्रबलित काँक्रीट' अशीही एक संज्ञा आहे. तेथे तंतू काँक्रीटच्या मिश्रणातच कालवलेले असतात. सांधा असा नसतोच. 'सलोह काँक्रीट' या जुन्या व सुरेख संज्ञेतही लोखंड काँक्रीटच्या पोटात असते. शिवाय लोखंड व काँक्रीट उष्णतेने जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात. एका अंशाला दहा लक्ष भागांत काँक्रीट सुमारे १० भागांनी वाढते, पोलाद सुमारे १२ भागांनी. कार्बनची पट्टी मात्र आपल्या लांबीच्या दिशेने वाढतच नाही, उलट किंचित आकसते. पाच मीटर लांबीची तुळई ३० अंशांनी तापली तर काँक्रीट सुमारे दीड मिलिमीटर वाढू पाहते आणि पट्टी जागची हलत नाही. ही ओढाताण पुन्हा त्या राळेच्या थरालाच सोसावी लागते. 'सलोह' या शब्दावरून जो 'तंतुप्रबलित' समजून घेईल, त्याला या ओढाताणीची कल्पना येणार नाही.

४

दुसरी संज्ञा 'ऊष्मादृढ'. रसायनशास्त्रात प्लॅस्टिकांचे दोन वर्ग मानतात. उष्णतेने वितळून पुन्हा घडवता येणारी ती ऊष्मामृदू. एकदा घट्ट झाल्यावर पुन्हा न वितळणारी ती ऊष्मादृढ. एपॉक्सी दुसऱ्या वर्गात मोडते. या संज्ञेचा घडवणाऱ्यास अभिप्रेत विग्रह 'ऊष्म्याने दृढ झालेले' असा आहे, म्हणजे तृतीया तत्पुरुष. परंतु मराठी वाचकाच्या मनात प्रथम उभा राहतो तो 'ऊष्म्यात दृढ राहणारे' हा सप्तमी तत्पुरुष. 'कार्यकुशल' म्हणजे कार्यात कुशल, 'रणधीर' म्हणजे रणात धीर न सोडणारा, हे साचे त्याच्या कानांत बसलेले असतात. 'ऊष्मादृढ' त्याच साच्यात जाऊन पडते. समोर 'ऊष्मामृदू' हा प्रतियोगी शब्द असल्यामुळे तर ही समजूत पक्की होते: एक उष्णतेत मऊ पडते, दुसरे उष्णतेत घट्ट राहते. मुकादमाने केलेला विग्रह हाच.

वस्तुस्थिती अशी की ऊष्मादृढ राळ वितळत नाही हे खरे, पण मऊ पडते. वितळणे आणि मऊ पडणे यांतील अंतर रसायनशास्त्रात मोठे असेल. सांध्याच्या दृष्टीने ते जवळजवळ शून्य आहे, कारण सांध्याचे काम ताठपणावर चालते. इतकेच नव्हे, तर येथे तृतीया तत्पुरुषही पुरता खरा नाही. कामाच्या जागी ही राळ बाहेरून उष्णता देऊन दृढ करीत नाहीत. तिच्यात दृढक मिसळतात आणि ती आपोआप घट्ट होते. उष्णता या क्रियेचा वेग ठरवते. हवा दहा अंशांनी अधिक तापली की कालवलेली राळ वापरण्याजोगी राहण्याचा अवधी स्थूलमानाने निम्मा होतो. उलट कडाक्याच्या थंडीत ती घट्ट होता होत नाही. म्हणून उन्हाळ्यात जाणते कारागीर सकाळी लवकर काम उरकतात आणि राळ थोडी थोडी कालवतात.

५

तिसरी संज्ञा सर्वांत घातक. 'काचसंक्रमण तापमान' ही 'ग्लास ट्रान्झिशन टेंपरेचर' या इंग्रजी संज्ञेची पदशः केलेली प्रतिकृती आहे. राळेचे रेणू कमी तापमानात काचेप्रमाणे अस्ताव्यस्त पण ताठ गोठलेले असतात. तापमान वाढले की ते हालचाल करू लागतात आणि राळ रबरासारखी होते. या स्थित्यंतराचे जे तापमान ते काचसंक्रमण तापमान. येथे काच हा पदार्थ नसून उपमान आहे, आणि समासात 'सारखा' हे उपमेचे पद लुप्त आहे.

अशा लोपाला आपल्या भाषेत प्रतिष्ठा आहे. 'कमलनयन' म्हणताना डोळ्यांत कोणी कमळ शोधत नाही. परंतु उपमेचा लोप तेथेच क्षम्य असतो, जेथे शब्दशः अर्थ अशक्य असतो. येथे तो अशक्य नाही. काच या पदार्थालाही असे संक्रमण असते. खिडकीच्या साध्या काचेचे ते साधारण ५५० अंशांच्या आसपास असते. शिवाय याच व्यवसायात काचेच्या तंतूंचे कापड नित्य वापरले जाते. 'काचतंतू', 'काचकापड' हे शब्द ज्या पानावर आहेत, त्याच पानावर 'काचसंक्रमण' आले तर वाचक ते कापडाचे समजणार. मग दोन प्रकारची चूक संभवते. कापड काचेचे असेल तर वाचक म्हणेल, काच कुठे ६५ अंशांना मऊ होते, हा आकडा छपाईचा दोष असावा. कापड कार्बनचे असेल तर म्हणेल, हा नियम आपल्यासाठी नाहीच. दोन्ही वेळा इशारा वाया जातो.

या संज्ञेत खरी उणीव आहे ती षष्ठीची. तापमान कोणाचे, हे ती सांगत नाही. आणि 'राळेचे' असे म्हटल्यानेही काम पुरे होत नाही. कारखान्यात घडवून आणलेल्या पट्टीत तंतू ज्या राळेत भिजवलेले असतात, ती उष्णता देऊन पक्की केलेली असते. तिची मर्यादा पुष्कळदा शंभर अंशांच्या वर जाते. पट्टी काँक्रीटला चिकटवणारी राळ ती नव्हे. ती जागेवर कालवलेली असते आणि तिची मर्यादा बरीच खाली असते. माहितीपत्रकात दोन आकडे असतील आणि 'काचसंक्रमण तापमान' हीच एक संज्ञा दोहोंना लावली असेल, तर वाचकाने मोठा आकडा उचलावा यात नवल नाही. ओल शिरली की ही मर्यादा आणखी काही अंशांनी उतरते. माणसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याकडील पावसाळी पट्ट्यात ही गोष्टही विसरता येत नाही.

आगीचा विचार केला तर हे अंतर किती निर्णायक आहे ते कळते. अग्निपरीक्षेसाठी सर्वमान्य असलेल्या प्रमाणित वक्रानुसार भट्टीचे तापमान पाच मिनिटांत सुमारे ५७६ अंशांवर आणि अर्ध्या तासात सुमारे ८४२ अंशांवर जाते. उघडा सांधा यात काही मिनिटेच टिकेल. म्हणूनच उपरोक्त अमेरिकन मार्गदर्शिका असे बंधन घालते की, पट्टी नाहीशी झाली तरी मूळ बांधकामाने आपला स्थिर भार १.१ पट आणि चल भार ०.७५ पट पेलला पाहिजे. तेवढी ताकद नसेल तर पट्टी चिकटवण्याच्या भरीस पडू नये. हे बंधन सांध्यावरील अविश्वासातून जन्मले आहे. आपल्या मराठी संज्ञांत त्या अविश्वासाचा मागमूस नाही.

६

या विवेचनावर दोन आक्षेप येतील. पहिला भाषाशास्त्रीय आहे. शब्द आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो. संज्ञा हे केवळ चिन्ह होय. तिचा अर्थ व्याख्येने ठरतो, विग्रहाने नव्हे. हा आक्षेप सस्यूरच्या नावाने घेतला जातो. परंतु १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या व्याख्यानांतच सर्वस्वी यादृच्छिक आणि सापेक्षतः सकारण असा चिन्हांचा भेद केलेला आहे. मराठीतले उदाहरण घ्यावयाचे तर 'वीस' का म्हणतात याला उत्तर नाही. 'एकवीस' का म्हणतात याला आहे. समास हे स्वभावतःच सकारण चिन्ह आहे. त्याचे घटक ओळखून अर्थ लावण्याचा अधिकार भाषा वाचकाला देते. हा अधिकार देऊन नंतर 'व्याख्या पाहा' म्हणणे न्याय्य नव्हे. आणि संस्कृतोद्भव संज्ञांच्या बाजूने आपण नेहमी जो युक्तिवाद केला, तो त्या अर्थवाही असतात हाच होता. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून जे कोशकार्य झाले, त्याचे मोल मोठे आहे. पण त्याची पारख त्याच कसोटीवर व्हावयास हवी.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. दोष मूळ इंग्रजी संज्ञेतच आहे, मग मराठीला बोल का? हे अर्धे खरे आहे. इंग्रजी संज्ञाही फसवी आहे. पण ती वाचणारा अभियंता रसायनशास्त्राच्या तासाला तिला भेटलेला असतो. मराठी संज्ञा ज्याच्यासाठी आहे त्याला दुसरा आधार नसतो. हा वाचकवर्ग आता वाढतो आहे. २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकीच्या पदवीचे शिक्षण देण्यास अनुमती दिली आणि याच औद्योगिक पट्ट्यात, निगडी येथील पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये संगणक अभियांत्रिकीचा मराठी अभ्यासक्रम निघाला. स्थापत्य शाखेची पाठ्यपुस्तके मराठीत होतील तेव्हा ही संज्ञा तशीच पुढच्या पिढीच्या हाती जाणार काय, हा प्रश्न आजच विचारणे योग्य.

७

टीका केली म्हणजे पर्याय सुचवण्याचे दायित्व येते. कामावरील मराठी येथे उपयोगी पडते. तेथे 'कापड' आणि 'केमिकल' असे दोन शब्द चालतात. दुसरा शब्द ढोबळ असला तरी या जोडीत एक शहाणपण आहे: बळ देणारी वस्तू वेगळी आणि ती धरून ठेवणारी वस्तू वेगळी, हा भेद तिने राखला आहे. कोशातील समासाने तो पुसला.

'केमिकल'च्या जागी 'राळ' हा जुना शब्द निःसंकोच वापरावा. राळ उष्णतेला हळवी असते हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. विळ्याची किंवा सुरीची मूठ लाखेने बसवण्याची रीत आपल्या खेड्यांत जुनी आहे, आणि असा विळा चुलीजवळ ठेवू नये हेही घराघरांत ठाऊक असे. पाते शाबूत राहते, मूठ शाबूत राहते, आणि विळा मात्र हातात निखळून येतो. एपॉक्सी लाखेसारखी वितळत नाही, एवढा फरक सांगितला की उरलेले ज्ञान शब्दाबरोबरच आलेले असते.

'ऊष्मादृढ'च्या जागी 'अवितळ' हा शब्द विचारार्ह वाटतो. मराठी धातूला नकारार्थी 'अ' लावून अढळ, अटळ, अतूट, अवीट असे शब्द आपण पूर्वीपासून घडवत आलो आहोत. 'अवितळ' त्याच मालिकेत बसतो. न वितळणे एवढेच तो सांगतो, उष्णतेत दृढ राहण्याचे वचन देत नाही.

'काचसंक्रमण' हा शब्द भौतिकीच्या ग्रंथांतून काढून टाकावा असा आग्रह नाही. तेथे 'काचाभ संक्रमण' केल्यास उपमा उघड होईल. स्थापत्याच्या लेखनात मात्र त्याच्याआधी षष्ठी सक्तीची असावी: 'चिकटवणाऱ्या राळेचे काचाभ संक्रमण तापमान'. आणि कामावरील सूचनापत्रात हा गुणधर्म न सांगता त्यावरून निघणारी मर्यादाच सांगावी. माणच्या त्या पत्रकात नंतर जी ओळ लिहिली गेली ती अशी : 'सांध्याची तापमान-मर्यादा ५० अंश. यापुढे पट्टी सुटू शकते.' पासष्टातून पंधरा वजा करण्याचे काम अभियंत्याने आपल्याकडे ठेवले, मुकादमावर सोपवले नाही. मुकादमाने ती ओळ एकदा वाचली आणि कार्बन की काच हा प्रश्न पुन्हा विचारला नाही.

समासात पदे जवळ येतात तेव्हा त्यांच्यामधील विभक्तीचा प्रत्यय लोपतो आणि अर्थाचा भार त्या न दिसणाऱ्या संबंधावर येऊन पडतो. वाचकाला तो संबंध निःशंकपणे ओळखता येत असेल तरच हा लोप शोभतो. जेथे ओळखता येत नाही तेथे प्रत्यय परत आणावा, शब्द लांबला तरी चालेल. परिभाषा-निर्मितीत हे पथ्य पाळले जावे, एवढीच या लेखाची मागणी आहे.